खंडेनवमीचा थर

“मास्तर, या पुढं,” असं मॅनेजर युवराजसाहेब म्हणाले आणि शिवलीलानं एक पाऊल पुढं टाकलं. टाकल्यावर तिला कळलं की साहेबांची नजर तिच्या डोक्यावरून मागं गेलेली आहे. मागून ईरण्णा आला, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेला, घडीच्या खुणा न मोडलेला नवा शर्ट घातलेला, हातात नारळ धरलेला, आणि तिच्या शेजारून पूजेच्या ताटापर्यंत पोचला. तिचं पाऊल तिथंच राहिलं, फरशीवर, सगळ्या शेडच्या देखत. मागं घ्यावं तर चुकून टाकलं होतं हे कबूल होतंय, पुढं जावं तर जायला जागा नाही. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं; हसण्याला उलट हसून उत्तर देता येतं. धागे कापणाऱ्या बायका मशिनीवरच्या झेंडूच्या माळांकडं बघत होत्या. शिवलीलाला माणसांच्या बघण्याची पारख होती: कारखान्यात बाई इतक्या भक्तीनं झेंडूकडं बघते तेव्हा तिनं नको ते बघितलेलं असतं. एकटी विमल सरळ तिच्याकडं बघत होती. विमलला नजर चोरायची सवयच नव्हती, त्यामुळं दोनदा नोकरी गेली होती तिची.

शिवलीलानं पाऊल मागं घेतलं नाही. ते तसंच पुढं ठेवून ती उभी राहिली, तोल जाणार नाही इतपत. शेडमध्ये उदबत्तीचा धूर आणि मशिनीच्या तेलाचा वास एकमेकांत मिसळले होते, बाहेरच्या रस्त्यानं तुळजापूरला निघालेल्या गाड्यांचे भोंगे येत होते, आणि समोर कटिंगच्या टेबलावर प्लास्टिकच्या कागदाखाली अर्धा कापलेला थर पडला होता. तिनं लावलेला. थर म्हणजे कापडावर कापड अंथरून केलेली उंच गादी. उभ्या पात्याची मशीन तिच्यातून फिरवली की एकाच आकाराचे ढीगभर तुकडे पडतात. काल संध्याकाळी वीज गेली ती शिफ्ट सुटेपर्यंत आलीच नाही, म्हणून अर्धा राहिला. एरवी कुणी दखल घेतली नसती. पण आज खंडेनवमी. हत्यारांच्या पूजेचा दिवस. शिलाईच्या मशिनी सकाळीच पुसून, हळदीकुंकू लावून मोकळ्या झाल्या होत्या. कटिंगच्या पात्याची पूजा मात्र सगळ्यांत शेवटी आणि मास्तरच्याच हातानं, ही इथली रीत. ज्याच्या हातानं पूजा, त्याची मशीन, पुढच्या खंडेनवमीपर्यंत. त्यावर कुणी वाद घालत नाही. कागदावरचं काय ते साहेब नंतर त्याप्रमाणं करून घेतात. आणि दुसरी रीत, टेबलावर थर असताना पूजा करायची नाही. जेवता माणूस उठवून त्याच्या ताटाला नमस्कार केल्यासारखं होतं ते, असं ईरण्णाच म्हणायचा. वर्षानुवर्षं पूजा त्यानंच केलेली. त्या वेळी शिवलीला बायकांच्या घोळक्यात मागं उभी राहायची, प्रसादाचं खोबरं तिच्यापर्यंत येईस्तोवर बारीक झालेलं असायचं, आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. हे आता आठवून तिला स्वतःचाच राग आला. वाटायचं नाही म्हणजे काय? कुठं ठेवलं होतं मग ते वाटणं?

उन्हाळ्यात सीमेवर भडका उडाला तेव्हा शेडमधल्या टीव्हीसमोर पुरुषांनी दोन दिवस युद्ध केलं आणि तिसऱ्या दिवशी कंपनीचा हुकूम आला. सैन्याच्या तंबूंचं काम आलंय, तिन्ही कटर उत्तरेकडच्या मोठ्या कारखान्यात पाठवा, आणि इथलंही काम दुप्पट करा. माणसं काढून घेऊन काम दुप्पट करायला सांगणाऱ्याच्या डोक्याचं शिवलीलाला फार कौतुक वाटलं होतं. ईरण्णा आणि दुसरे दोघं गेले. मग युवराजसाहेब कधी नव्हे ते धागे कापायच्या बाकांपाशी आले, घसा साफ केला आणि म्हणाले, “देशाला गरज आहे. कटिंग शिकायला कोण तयार आहे?” सगळ्या बायका मान खाली घालून आपापल्या कात्र्या तपासायला लागल्या. शिवलीला उठली. ती उठली होती पाणी प्यायला. सकाळपासून घशाला कोरड होती आणि साहेब बोलून संपले असं तिला वाटलं. पण साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या, आणि टाळ्या वाजल्यावर पाणी प्यायला जाणं बरं दिसत नाही म्हणून ती टेबलाकडं गेली. पुढं त्या दिवसाचा व्हिडिओ कंपनीच्या ग्रुपवर फिरला, देशासाठी पहिलं पाऊल असं काहीतरी वर लिहिलेलं. आज टाकलेलं पाऊल मात्र तिनं पाण्यासाठी टाकलं नव्हतं. दोन पावलांतला हा फरक साहेबांना कुठून दिसणार? तिचा तिलाच आत्ता दिसत होता.

पहिले काही दिवस भीतीचे गेले. पोलादी कड्यांचा हातमोजा पुरुषाच्या हाताचा, तिच्या हातात तो डुगडुगायचा. तिनं बोटांत चिंध्या भरल्या. मशीन सुरू केली की पातं दिसायचंच नाही, नुसती एक चमकती उभी रेघ, आणि तिच्या थरथरीनं दाढा एकमेकींवर वाजायच्या. ईरण्णा तिकडून व्हिडिओ कॉल लावायचा. फोन कापडाच्या ताग्याला टेकवून ठेवलेला, त्यात त्याचं तोंड कधी आडवं, कधी नुसत्या मिशा. “अक्का, ढकलू नगो गं मशीन. तिला जाऊ दे. तू तिच्यासंगं जा,” तो ओरडायचा. त्यानं मन लावून शिकवलं, हे ती कधीच नाकारणार नव्हती. त्याच्या खात्यावर ते कायमचं जमा होतं. एक गोष्ट तर त्यानं शपथ घातल्यासारखी सांगितली: दुसऱ्यानं लावलेल्या थराला पातं लावायचं नाही. कापड कुठं ताणलंय, कुठं सैल सुटलंय हे लावणाऱ्याच्या हातालाच माहीत असतं. परका हात तिथं गेला की बोट जातं. त्याच्या गुरूचं असंच गेलं होतं. आणि त्याच्याच नावावर दुसऱ्या बाजूला एक शब्द होता. सावली. धागे कापणाऱ्या बायका पाणी प्यायला जाताना कटिंगच्या टेबलाजवळून गेल्या की तो मान वर न करता खेकसायचा, “सावली पडतीय! सरका!” कापडावर खडूची रेघ दिसायला उजेड लागतो, हे खरंच होतं. पण साहेब येऊन उभे राहिले की त्यांची सावली कापडावर पडायची नाही बहुतेक. निदान ईरण्णानं तसं कधी म्हटलं नाही. बायका लांबून वळसा घालून पाण्याला जायला लागल्या. पुढं तो वळसा इतका अंगवळणी पडला की टेबल बंद असलं तरी त्या लांबूनच जायच्या. शिवलीलासुद्धा. टेबल तिच्या ताब्यात आल्यावरही पहिल्या दिवशी ती वळसा घालूनच टेबलाकडं गेली होती, आणि विमल म्हणाली होती, “अगं, आता तुझंच हाय ते. सरळ जा की.”

मास्तर हे नावही विमलनंच सुरू केलं, चेष्टेत. “ओ मास्तर, चहाला चला.” कुणीतरी म्हणालं, मास्तरीण म्हण की. विमल म्हणाली, “ती शाळेत असती. ही आपली कटिंगमास्तर.” आठवड्याभरात चेष्टेतली चेष्टा झिजून गेली. मग स्टोअरवाला म्हणायला लागला, मग गेटवरचा वॉचमन. घरी नवऱ्यानं, गौरीशंकरनं, एकदा भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हटलं, “मास्तर, चटणी वाढा,” आणि दोघं हसले. तो बियाण्याच्या दुकानात कामाला होता, आणि सगळ्या धाराशिवात त्याला आजवर कुणी कसलाच मास्तर म्हटलेलं नव्हतं. हसणं थांबल्यावर चटणी त्यानं स्वतःच वाढून घेतली. तेही तिनं बघितलं होतं. पगार मात्र हेल्परचाच राहिला, गेटच्या कार्डावर हेल्परच राहिलं. साहेब म्हणाले, लढाई संपू द्या. लढाई काही दिवसांत संपली. तंबूंचं काम संपलं नाही. टीव्हीवरची माणसं दुसऱ्याच विषयावर भांडायला लागली आणि इथं मात्र रोज तंबू कापले जात होते, जणू लढाई इथंच कुठंतरी औद्योगिक वसाहतीच्या मागं अजून चालू होती आणि ते फक्त बायकांना माहीत होतं.

त्या कापडाचा वास तिच्या ओळखीचा होता. पहिला तागा उलगडला तेव्हा मेणचट, गवताच्या रसासारखा, ओल्या मातीत बराच वेळ पडलेल्या दोरीसारखा तो वास आला आणि तिच्या पोटऱ्यांत एकदम थंडी शिरली. सास्तूर, तिचं माहेर. भूकंपाच्या वर्षी ती पहिलीत होती. पहाटे जमीन हलली आणि दिवस उजाडला तेव्हा गल्ली नव्हती. मग कधीतरी सैन्याचे हिरवे तंबू आले. त्या तंबूत दुपारी सगळ्यांची तोंडं हिरवी दिसायची, जिवंत माणसांची आणि रडून झोपलेल्यांची सारखीच. शिवणीच्या भोकांतून उन्हाचे ठिपके आत यायचे आणि ती ते मुठीत धरायला बघायची. ती शिवण घालणारी, ते कापड कापणारी कुणीतरी असणार, असं तिच्या तेव्हा डोक्यात आलं नाही. आता रोज यायचं. हा तुकडा कुणाच्या डोक्यावर जाईल, बर्फात की वाळूत, त्यात एखादी पोर मुठीत ऊन धरत बसेल का? सैन्याच्या तंबूत पोर कुठून असणार म्हणा. पण हात सावरून चालायचा तेवढ्यासाठी.

आणि आई. पार्वतम्मा. नवं गाव बांधायला लागले तेव्हा गवंडी मिळेनात; साऱ्या पट्ट्यातच घरं बांधायची होती. आधी ती विटा वाहायची, मग एक दिवस कंत्राटदारानं तिच्या हातात थापी दिली. चार गावच्या बायांना असंच गवंडीकाम शिकवलं गेलं तेव्हा. आईनं आपल्या घराची पुढची भिंत स्वतः चढवली. ओळंबा लावून एक डोळा मिटून बघताना तिच्या तोंडावर एक भाव यायचा, तो शिवलीलानं त्याआधी कधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. सिमेंटनं तिच्या बोटांची कातडी गेली होती, आणि तरी संध्याकाळी ती भिंतीवर तळवा ठेवून उभी राहायची, गाभण म्हशीच्या पोटावर ठेवतात तसा. मग घर झालं. घरभरणीला जंगमस्वामी आले, पाटावर वडील, अप्पा, बसले, आणि स्वामी आईला म्हणाले, “तुम्ही मालकांच्या हाताला हात लावा.” आईनं ती फुटलेली बोटं अप्पांच्या कोपराला लावली. पूजा झाली. काका, नागप्पा, यांनी आईला साडी दिली, आणि थापी धुऊन कंत्राटदाराला परत केली. साडी चांगली होती, काठाची. आईनं ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि आत भाकऱ्या थापायला गेली. घरात नको म्हणायला आईचा एकच शब्द होता, बेडा. तिच्या माहेरचा, पलीकडचा कर्नाटकातला. चहा बेडा, दूध बेडा, माझ्यासाठी नवी चप्पल बेडा. त्या दिवशी साडीला मात्र ती बेडा म्हणाली नाही. त्यानंतर तिनं कालवलेल्या मातीला हात लावला तो फक्त चुलीला पोतेरं करताना, आणि शिवलीलानं तेव्हापासून आजपर्यंत स्वतःला विचारलेलं नव्हतं की त्या दिवशी आत कोण गेलं आणि बाहेर काय राहिलं.

“ताई,” युवराजसाहेब म्हणत होते. ते बरेच वेळचे बोलत असावेत. त्यांच्या मागं भिंतीवर फ्लेक्स होता, रणरागिणींचा सत्कार, एका बाजूला विमान, दुसऱ्या बाजूला तलवार घेतलेली कुणी देवीसारखी बाई. तिच्या हाताला सहा बोटं होती आणि ते अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. टेबलावर साड्यांचे बॉक्स. “ताई, तुम्ही फार मोठं काम केलंत. आता पूजा झाली की सत्काराचा फोटो, हेड ऑफिसला पाठवायचाय. उद्या दसरा. परवापासून आपापल्या जागेवर. आराम करा आता जरा.”

“कुठली जागा, साहेब?”

“म्हणजे धाग्याला. पूर्वीची आपली. कंपनीचं धोरण आहे हो, मी काय करणार! कटिंगला बायका ठेवत नाहीत. पात्याचं काम, धोका असतो.”

“लढाईत नव्हता का धोका?” विमल मागून म्हणाली. “तवा पातं बोथट होतं जनू.”

बायका हसल्या. साहेबही हसले, कारण हसण्यात सामील झालं की उत्तर द्यावं लागत नाही. “तेव्हा सूट होती. वरून आली होती,” ते म्हणाले. “आणि ईरण्णा मास्तर आता परत आलेत. बाकीचे दोघं तिकडंच राहिले, त्यांच्या जागी नवीन पोरं येतील. असं करू या, ईरण्णा पूजा करतील आणि तुम्ही पात्यावर फूल वाहा. काय?”

हाताला हात लावा. शिवलीलाच्या बोटांना सिमेंट लागल्यासारखं कोरडं वाटलं. तिनं ईरण्णाकडं बघितलं. तो खाली बघत होता. उत्तरेच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर कापणारी मशीन आली आणि त्याला परत पाठवलं, हे गेटवरच्या वॉचमनपासून सगळ्यांना माहीत होतं. तो स्वतः सांगत होता, तब्येतीला मानवलं नाही. वाळलाही होता. “अक्का,” तो हलक्या आवाजात म्हणाला, “माझंबी पोट हाय गं.” हे वजन तिनं नीट तोलून बघितलं. खोटं नव्हतं. पण तीन माणसांच्या जागा, त्यातला एक आलाय, दोन मोकळ्या आहेत, आणि त्या दोनांसाठी अजून न आलेली पोरं तिच्या आधी रांगेत उभी आहेत. ईरण्णाचं पोट तिच्या आड येत नव्हतं. ते आड धरलं होतं कुणीतरी, ढालीसारखं.

“तुमच्या पोटावर मी कशाला येऊ, ईरण्णा,” ती म्हणाली. “पण टेबलावर थर हाय.”

“व्हय की. उरकतो मी. दे हातमोजा.”

“थर माझा हाय.”

ईरण्णानं पुढं केलेला हात तसाच राहिला. ताटातला कापूर एव्हाना एकदा पेटून विझला होता. त्याच्या तोंडावर आधी चीड आली, मग काहीतरी आठवल्यासारखं झालं, आणि मग ओठाच्या एका कोपऱ्यात, नाइलाजानं, जुन्या फोनमधलं आडवं हसू आलं. “परक्या थराला पातं लावत न्हाईत, साहेब,” तो म्हणाला. “मीच शिकवलंय तिला.”

“मग कापा बाई लवकर! मुहूर्त चाललाय,” साहेब म्हणाले.

शिवलीलानं प्लास्टिक काढलं. हातमोजा चढवला, चिंध्या जागच्या जागी होत्या. मशीन सुरू झाली आणि तिचं ते चुकलेलं पाऊल आपोआप बरोबर जागी आलं, कारण कापताना डावा पाय पुढंच ठेवावा लागतो. काल जिथं वीज गेली तिथून तिनं पातं आत घातलं. कापड दोन बाजूंना होत गेलं, घाई नाही, वळणावर थांबत, खालचा पदर दुमडू न देता, आणि त्या घरघराटात साहेबांचं मुहूर्ताचं बोलणं तोंडाच्या नुसत्या हालचालीसारखं दिसत राहिलं. आईनं भिंत अशीच चढवली असेल. वरची शेवटची वीट बसवल्यावर एक क्षण तरी तिला वाटलं असेल का, की आणखी एक ओळ लावावी? छप्पर नको, घरभरणी नको, नुसती आणखी एक ओळ, म्हणजे थापी हातात राहील?

पातं थराबाहेर आलं. तिनं बटण बंद केलं, तुकडे उचलून बाजूच्या गाडीवर रचले, टेबल पुसलं. साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला आणि ईरण्णानं नारळ या हातातून त्या हातात घेतला. शिवलीलानं हातमोजा काढला नाही. तिनं टेबलाच्या टोकाला दांडीवर अडकवलेल्या नव्या ताग्याचं टोक धरलं आणि म्हणाली, “विमल, ये. धर.”

विमलला एक क्षण लागला. मग ती झेंडूच्या माळेखालून वाकून आली, तिच्या मागं अजून दोघी, आणि त्या वळसा न घालता सरळ आल्या. विमलनं दुसरी कड धरली. दोघी टेबलाच्या दोन बाजूंनी चालत गेल्या आणि हिरवं कापड फडफडत टेबलभर पसरलं, हवा भरून फुगलं, मग बसलं. तंबूचा वास उठला. त्यात उदबत्ती कुठल्या कुठं गेली.

“हे काय चाललंय?” साहेब.

“थर लावतोय.”

“आज? अहो पूजा!”

“थर असताना पूजा न्हाय. तुमी रीत जानता,” विमल म्हणाली. तिनं काठ ताणला, लोखंडी पट्टी वजनाला ठेवली. दुसरा पदर आला. तिसरा.

“ताई, किती थर लावणार आहात?”

“तागे लई हायत, साहेब,” शिवलीला म्हणाली. “ही पूजा मी करणार. कार्डावर कटर लिहा, ईरण्णाला देता तोच पगार द्या. ईरण्णा ऱ्हाऊ द्या, त्याच्या बाजूला मी, तिसऱ्या जागेवर विमल शिकंल. साडी बेडा.” हा शब्द आपल्या तोंडातून आल्याचं तिला नंतर कळलं. ईरण्णाला लगेच कळलं. साऱ्या शेडमध्ये त्या एकट्यालाच तो आईच्या घरचा शब्द समजत होता. “आज न्हाय जमलं तर उद्या बोला. आमी दसऱ्यालाबी थर लावू. पातं असंच ऱ्हाईल, बिनकुंकवाचं.”

साहेबांचा फोन वाजला, हेड ऑफिसचाच असावा. त्यांनी तो खिशातल्या खिशात दाबला. त्यांना आता सगळं उमगत होतं आणि आवडत नव्हतं. बिनपूजेच्या पात्याला दसऱ्यानंतर या शेडमधला कुठलाच माणूस हात लावणार नाही, ईरण्णासुद्धा नाही, नवीन पोरं तर नाहीच. चौथा पदर आला. धाग्याच्या बाकांवरून आणखी बायका उठल्या. एकीनं दिव्याची वात सारखी केली, वाऱ्यानं विझू नये म्हणून ताटावर हाताचा आडोसा धरला आणि ताट घेऊन उभी राहिली, कुणाकडं ते अजून न ठरवता.

“मास्तर!” साहेब ओरडले. “ओ मास्तर, ऐका जरा!” आणि टेबलाशी आले.

ईरण्णा जागचा हलला नाही. नारळ छातीशी धरून तो कापडाच्या ताणाकडं बघत होता, कड कुठं सैल सुटतीय का ते. शिवलीलाही वळली नाही. तिचा मोज्यातला हात कापडावरून सपाट फिरत होता, मधोमध एक सुरकुती राहिली होती, ती नेमकी दिसत नव्हती.

“काय असंल ते तिकडून बोला, साहेब,” ती मान वर न करता म्हणाली. “सावली पडतीय. सरका.”